भिंगातून दिसलेला तोतया : ऑक्सफर्डच्या कॉम्पॅक्ट कोशाबद्दल

हा कोश मी एका अक्षरासाठी घेतला. अतिशयोक्ती नाही, खरंच एका एससाठी.

माझं काम मुद्रितशोधनाचं, तेही इंग्रजी मजकुराचं. आयुष्य दुसऱ्यांची स्पेलिंगं सुधारण्यात गेलं. आणि सातवीतल्या भाचीनं एक दिवस विचारलं, "मावशी, आयलंडमध्ये एस लिहायचा आणि म्हणायचा नाही, असं का?" मी म्हटलं, सायलेंट आहे तो. ती म्हणाली, "हो, पण का?" आता 'सायलेंट आहे' हे काही उत्तर नव्हे. ती नुसती पंचनाम्यातली नोंद झाली. लहानपणी आम्ही 'इज' आणि 'लँड' असे दोन तुकडे करून हे स्पेलिंग घोकलं होतं, त्यापलीकडे मी कधी गेलेच नव्हते.

फोनवरच्या एका फुकटच्या शब्दकोश ॲपनं सांगितलं की हा शब्द लॅटिन 'इन्सुला'वरून आला, वाटेत एन गळला, एस राहिला. ऐकायला पटण्यासारखं होतं. मी ते छातीठोकपणे भाचीला सांगूनही टाकलं. पुढे एका जर्मन मजकुरात 'आयलांड' हा शब्द दिसला, एसविना, आणि मनात पाल चुकचुकली. डच भाषेतही तो एसविनाच. लॅटिनमधून आला असता, तर शेजारच्या दोन्ही बहिणींनी एकदमच एस कसा काय गाळला?

मग जुन्या पुस्तकांत ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची कॉम्पॅक्ट आवृत्ती मिळाली. १९७१ ची, दोन खंडांची. पहिला ए ते ओ, दुसरा पी ते झेड. खोक्याच्या वरच्या भागात एक छोटा खण आणि खणात भिंग. मूळ कोशाची चार पानं लहान करून एका पानावर छापली आहेत, म्हणून ते भिंग. (१९९१ मध्ये दुसऱ्या आवृत्तीचीही अशी एकखंडी प्रत निघाली. तिच्यात एका पानावर नऊ पानं! ती घ्यायची माझी हिंमत नाही.)

'कॉम्पॅक्ट' हा शब्द मात्र विनोदानं घ्यावा. एक खंड मांडीवर ठेवला की पाय बधिर होतो. झोपून वाचायचं पुस्तक हे नव्हेच. टेबल हवं, डाव्या बाजूनं दिवा हवा, आणि भिंग पानावर न टेकवता बोटभर वर धरायची सवय लावून घ्यायला हवी. ते जमलं की अक्षरं एकदम उभी राहतात. छपाई इतकी स्वच्छ आहे की स्वल्पविराम नि अर्धविराम यांत घोटाळा होत नाही, आणि हे मी धंद्याच्या नजरेनं सांगते आहे.

आता खरी मौज. या कोशात शब्दाखाली आधी अर्थ येत नाही, रूपं येतात. आजवर हा शब्द कसकसा लिहिला गेला त्याची ओळ, आणि प्रत्येक रूपापुढे बारीक आकडा. ३ म्हणजे तेरावं शतक, ६ म्हणजे सोळावं. १ म्हणजे अकराशे सालाच्या आधीचं सगळं. पहिल्यांदा मला ते तळटीपांचे आकडे वाटले आणि मी पानाच्या खाली टिपा शोधत बसले. उलगडा झाल्यावर ती एकच ओळ मी कादंबरीसारखी वाचली.

त्या ओळीच्या सुरुवातीच्या रूपांत एस कुठेही नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'ईग' आणि 'लंड' मिळून झालेला, त्यातला जी 'य'सारखा उच्चारायचा. 'ईग' म्हणजे पाण्यानं वेढलेली जमीन, म्हणजे बेटच. त्याला पुन्हा 'लंड', म्हणजे जमीन, जोडलेली. आपल्या पिवळ्या पीतांबराचाच प्रकार! अँगलसी, ऑर्कनी या बेटांच्या नावांच्या शेवटी जो 'ई' ऐकू येतो, तो याच 'ईग'चा नॉर्स भाऊ. लॅटिनशी याचं नातं आहे, पण ते 'इन्सुला'शी नाही, पाणी या अर्थाच्या 'अक्वा'शी आहे आणि तेही फार दूरचं, एका खापरपणजोबाचं. आपल्या 'द्वीप' शब्दातही पाणीच दडलेलं आहे, द्वि आणि अप्, दोन्हीकडे पाणी. बेट पाहिल्यावर माणसाला आधी जमीन न दिसता पाणी दिसतं, असं दिसतंय.

मग हे 'ईगलंड' झिजत झिजत 'इलंड' झालं, आय-एल-ए-एन-डी. साधं, सरळ, बोलावं तसं लिहिलेलं. ते तसंच राहिलं असतं तर भाचीचा प्रश्न आलाच नसता. पण शेजारी फ्रेंचमधून आलेला एक शब्द राहत होता, 'आइल'. अर्थ तोच, बेट. हा मात्र खरोखर 'इन्सुला'चा वंशज. फ्रेंच तोंडातून त्याचा एस कधीच गेला होता आणि इंग्रजीतही तो आय-एल-ई असा लिहीत. पुढे विद्वानांना लॅटिनचं वेड लागलं, त्यांनी त्याच्या पोटात पुन्हा एस बसवला. तिथवर ठीक, निदान तो एस त्याच्याच घरचा होता. पण मग लोकांना वाटलं, 'इलंड' म्हणजे 'आइल' अधिक 'लँड'च की! आणि पंधराव्या-सोळाव्या शतकात तोच एस या परक्या शब्दातही शिरला. १७०० च्या आत एसवालं रूप गादीवर बसलेलं होतं.

'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी लोक या जातीच्या उदाहरणात नेहमी देतात. पण 'डेट'मधला बी खऱ्या आजोळचा आहे. शब्द 'डेबिटम'वरूनच आलेला, बी वाटेत हरवला होता, पंडितांनी शोधून आणला. आयलंडमधला एस असा नाही. तो तोतया आहे. घरातला कुणीही नसताना वाड्यात शिरला आणि तिथंच वारस म्हणून राहिला. 'पेनिन्सुला', 'इन्सुलेट', 'आयसोलेट', स्वादुपिंडातल्या पेशींच्या बेटांवरून नाव पडलेलं 'इन्सुलिन', हे सगळे 'इन्सुला'चे खरे वंशज. आयलंडचं या घराण्याशी रक्ताचं नातं नाही, आणि अक्षर मात्र त्यांचं मिरवतो.

फ्रेंचांनी याच दुखण्यावर वेगळा उपाय केला. त्यांच्या अकादमीनं १७४० च्या कोशात असे न बोलले जाणारे एस काढले आणि कित्येक ठिकाणी स्वरावर एक छोटी टोपी ठेवली. त्यांच्या 'इल'वर आजही ती आहे. आपणही १९६२ मध्ये 'नांव', 'कांहीं' यांच्या डोक्यावरचे न बोलले जाणारे अनुस्वार उतरवलेच ना! इंग्रजीत असं सांगणारं महामंडळ नाही.

या कोशाचा खरा दोष हा की तो एका शब्दावर थांबू देत नाही. चर्चमधल्या किंवा विमानातल्या रांगांमधली वाट, तीही 'आइल'. हा शब्द लॅटिन 'आला', म्हणजे पंख, यावरून आलेला. चर्चच्या मुख्य दालनाच्या कडेचा भाग म्हणजे त्याचा पंख. पण उच्चार बेटासारखा, म्हणून त्यालाही एस चिकटला. नंतर पंखाचा फ्रेंच शब्द 'एल' (ए-आय-एल-ई) पाहून कुणीतरी पुढे ए लावला. आज त्या पाच अक्षरांत ए फ्रेंचांचा, एस चुकून आलेला, आणि उच्चार तिसऱ्याच शब्दाचा. १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सननं आपल्या कोशात लिहून ठेवलं होतं की हे स्पेलिंग बहुधा चुकीचं आहे, एस नको. कुणी ऐकलं नाही. मुद्रितशोधकांचं असंच असतं.

आता घ्यावा की नाही? स्पेलिंग पाहायला, पटकन अर्थ पाहायला अजिबात घेऊ नका. शब्द शोधून, भिंग काढून, दिवा वळवून होईपर्यंत फोनवर दहा शब्द पाहून होतील. मजकूरही जुना आहे. मूळ कोश १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी निघाला, त्याला १९३३ ची पुरवणी, आणि या प्रतीत आहे ते एवढंच. संगणकाच्या काळातले अर्थ इथं मिळायचे नाहीत. त्यासाठी ऑनलाइन आवृत्ती, तिच्यात २००० पासून नोंदी नव्यानं तपासल्या जात आहेत, पण बराचसा भाग वर्गणी भरल्यावरच उघडतो. आणि चष्म्याचा नंबर मोठा असेल तर खणातल्या भिंगावर विसंबू नका, दिवा असलेलं मोठं भिंग वेगळं घ्या. मी घेतलं.

पण 'का?' असं विचारणारं कुणी घरात असेल, तर असा कोश मी दुसरा पाहिलेला नाही. तो निकाल सांगून मोकळा होत नाही, आठशे-हजार वर्षांचे साक्षीदार तारीखवार उभे करतो आणि चूक कुठे झाली ते आपल्यालाच पाहू देतो. भाचीला मी ती रूपांची ओळ भिंगाखाली दाखवली. तिनं एसच्या आधीच्या शतकांचे आकडे बोटानं मोजले आणि म्हणाली, "म्हणजे मी एस गाळला होता तेव्हा मी बरोबर होते." "पाचशे वर्षं उशिरा," मी म्हटलं.

दुसरा खंड, पी ते झेड, अजून फारसा उघडलेला नाही. 'सिझर्स'मधला सी कुठून आला असेल, याचा मला संशय आहे. रविवारी दुपारी ऊन डावीकडून येतं, तेव्हा बघेन.