पायांच्या शिरांवरचा लेझर उपचार: ठाण्यातील एका दवाखान्याचा अनुभव

नौपाड्यातील एका औषधांच्या दुकानात मी बावीस वर्षे फार्मासिस्ट म्हणून काम करीत आहे, आणि या कामात दिवसाचे आठ-नऊ तास काउंटरमागे उभे राहावे लागते. डाव्या पायाच्या पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या शिरा (व्हेरिकोज व्हेन्स) दिसू लागल्या त्याला आता बरीच वर्षे झाली. सुरुवातीला संध्याकाळी पाय जड होणे आणि रात्री पोटरीत गोळा येणे एवढाच त्रास होता. मागच्या पावसाळ्यात मात्र घोट्याच्या आतल्या बाजूची त्वचा तपकिरी पडली, तेथे खाज सुटू लागली आणि ती जागा हाताला कडक लागू लागली. अशा त्वचेवर पुढे साधे खरचटले तरी महिनोन् महिने न भरणारी जखम होते, हे मी दुकानात मलमपट्टीचे सामान न्यायला येणाऱ्या कितीतरी रुग्णांकडून ऐकले होते. त्यामुळे आणखी थांबायचे नाही, असे ठरवले.

ज्या दवाखान्यात उपचार घेतले तो घोडबंदर रस्त्यावर आहे. बिलाबाबत माझी एक तक्रार असल्यामुळे त्याचे नाव येथे लिहीत नाही. परंतु ठाण्यात हा उपचार देणारी बरीच ठिकाणे आहेत, आणि कुठेही जाताना काय पाहावे यासाठी हा अनुभव उपयोगी पडावा.

त्याआधी मी आणखी एका ठिकाणी गेले होते. तेथे मला आडवे झोपवून पाच मिनिटांत तपासले आणि दोन्ही पायांचे लेझर एकदम केल्यास सवलत मिळेल, असे सांगितले. घोडबंदर रस्त्यावरच्या डॉक्टरांनी तसे केले नाही. त्यांनी मला उभे करून दोन्ही पायांची डॉप्लर सोनोग्राफी केली, तिला जवळजवळ पाऊण तास लागला. पायातले रक्त हृदयाकडे वर चढावे आणि परत खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. त्या नीट मिटेनाशा झाल्या की रक्त उलटे खाली येते, शिरेतला दाब वाढतो आणि ती फुगते. हा उलटा प्रवाह उभे राहिल्यावरच खऱ्या अर्थाने दिसतो. डॉक्टर पोटरी दाबून सोडत होते आणि पडद्यावर रक्त किती वेळ उलटे वाहते ते मला दाखवत होते. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ वाहिले तर झडप निकामी समजतात. डाव्या पायात घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी मोठी वरवरची शीर खराब झाली होती. उजव्या पायावर दिसणाऱ्या बारीक जाळ्याला मात्र कोणत्याही उपचाराची गरज नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मी या दवाखान्यावर विश्वास टाकला तो या वाक्यामुळे. खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत याचीही त्यांनी खात्री करून घेतली, कारण वरची शीर बंद केल्यावर सगळे रक्त त्याच वाटेने जायचे असते.

पर्यायांविषयीही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. शीर ओढून काढण्याची जुनी शस्त्रक्रिया, औषधाचा फेस टोचून शीर बंद करणे, आणि रेडिओलहरींच्या किंवा लेझरच्या उष्णतेने ती बंद करणे, असे मार्ग उपलब्ध आहेत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात, योग्य रुग्णासाठी उष्णतेने शीर बंद करण्याचा उपाय पहिला, फेस दुसरा आणि शस्त्रक्रिया तिसरी, असा क्रम लावला आहे. लेझर आणि रेडिओलहरी यांच्या परिणामात फार फरक नाही आणि त्यांच्याकडे लेझरचे यंत्र आहे म्हणून ते लेझर वापरतात, हेही त्यांनी सांगून टाकले. इतके सरळ उत्तर विक्रीच्या भाषेत मिळत नाही.

उपचाराच्या दिवशी सकाळी पुन्हा उभे करून पायावर पेनाने खुणा केल्या. पूर्ण भूल दिली नाही. गुडघ्याजवळ सोनोग्राफीत पाहत सुईने शिरेत प्रवेश केला आणि तेथून लेझरचा बारीक फायबर जांघेपर्यंत सरकवला. त्याचे टोक वरची शीर खोल शिरेला मिळते त्या जागेच्या सुमारे दोन सेंटिमीटर अलीकडे ठेवतात. या सगळ्यात सर्वांत त्रासदायक भाग कोणता, असे कोणी विचारले तर मी लेझरचे नाव घेणार नाही. शिरेभोवती मांडीभर टोचले जाणारे पाणी हा तो भाग. त्या सलाइनमध्ये लिग्नोकेन आणि थोडे अॅड्रिनॅलिन असते. ते जागा बधिर करते, शिरेला दाबून फायबरवर बसवते आणि आजूबाजूच्या त्वचेला व मज्जातंतूंना उष्णतेपासून वाचवते. दहा-बारा टोचण्या झाल्या. पहिल्या तीन-चार चांगल्याच जाणवल्या, नंतरच्या कमी होत गेल्या. त्यानंतर प्रत्यक्ष लेझर चालू असताना मला काही दुखले नाही. यंत्र १४७० नॅनोमीटर तरंगलांबीचे आणि फायबर चहूबाजूंनी किरण सोडणारा होता. या प्रकारात जुन्या सरळ टोकाच्या फायबरपेक्षा दुखणे आणि काळेनिळे होणे कमी असते. पोटरीवरच्या फुगलेल्या फांद्या बारीक छेदांतून काढल्या, त्यांना टाके लागले नाहीत. खोलीत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत सव्वा तास लागला असावा.

मांडीपर्यंतचा दाबमोजा चढवून त्यांनी मला लगेच अर्धा तास चालायला लावले. हे चालणे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे, कारण पोटरीचे स्नायू हलत राहिले की खोल शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका कमी होतो. संध्याकाळी मी घरी आले आणि चौथ्या दिवशी दुकानात गेले, पण पहिले दोन आठवडे स्टुलावर बसून काम केले आणि दर तासाला फेरी मारली. दाबमोज्याचे माप घोटा, पोटरी आणि मांडी यांचा घेर मोजूनच घ्यावे; सैल मोजा निरुपयोगी आणि फार घट्ट मोजा घातक ठरतो. ज्यांच्या पायाच्या धमन्यांत रक्तपुरवठा कमी आहे त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घालूच नये, हे मी दुकानातही प्रत्येकाला सांगते.

बहुतेक रुग्ण घाबरतात ते दुसऱ्या आठवड्यात. सहाव्या दिवशी माझ्या मांडीच्या आतल्या बाजूला दोरी ताणल्यासारखे दुखू लागले आणि पाय सरळ केला की ओढ बसे. बंद झालेली शीर आकसू लागल्याचे हे लक्षण आहे. डॉक्टरांनी ते आधीच सांगितले होते म्हणून मी शांत राहिले, आणि साध्या वेदनाशामक गोळीवर ते आठवडाभरात कमी झाले. पोटरी अचानक सुजली, फार दुखली किंवा दम लागला तर मात्र रात्र असली तरी यायचे, अशी ताकीद होती. आठव्या दिवशी पुन्हा डॉप्लर करून खोल शिरेत गाठ नाही याची खात्री केली.

या सूचनांचा छापील कागद त्यांनी दिला होता, पण तो फक्त इंग्रजीत होता. माझ्याच दिवशी उपचार झालेल्या, कळव्याहून आलेल्या एका आजींनी तो माझ्याकडून वाचून घेतला आणि ‘हे मराठीत का नाही गं बाई?’ असे विचारले. ठाण्यातल्या दवाखान्यात हा प्रश्न कोणाला विचारावा लागू नये. ज्या सूचनांवर जिवाची सुरक्षितता अवलंबून आहे त्या रुग्णाच्या भाषेत देणे ही उपचाराचीच जबाबदारी आहे, आणि या बाबतीत दवाखाना कमी पडला.

दुसरी उणीव बिलाची. मला एका पायाचे पॅकेज ९० हजार रुपयांचे सांगितले होते. प्रत्यक्षात बिल १ लाख ४ हजारांचे आले. पोटरीवरच्या फांद्या काढणे, दाबमोजा आणि आठव्या दिवसाची डॉप्लर हे पॅकेजच्या बाहेर होते, आणि हे मला घरी सोडताना कळले. या तिन्ही गोष्टी लागणार हे त्यांना पहिल्या भेटीतच माहीत होते. विमा असेल तर आणखी एक पाहावे: अनेक पॉलिसींमध्ये या आजारासाठी दोन वर्षांची प्रतीक्षा असते. माझी पॉलिसी जुनी असल्याने आणि हा डे-केअर उपचार असल्याने चोवीस तास भरती न होताही दावा मंजूर झाला, पण मोज्याचे पैसे कापले गेले. लेखी अंदाजपत्रक मागून त्यात काय नाही ते विचारावे.

आता तीन महिने झाले आहेत. संध्याकाळचा जडपणा गेला आहे, रात्री गोळे येत नाहीत आणि खाज थांबली आहे. घोट्याच्या वरच्या बाजूला रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे. तेथून जाणाऱ्या मज्जातंतूला धक्का बसल्याने असे होऊ शकते आणि बहुतेकदा ते हळूहळू सुधारते, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. बंद केलेली शीर पुन्हा उघडू शकते किंवा दुसरी एखादी खराब होऊ शकते, म्हणून सहाव्या महिन्यात परत तपासणी आहे. त्वचेचा तपकिरी डाग फिका झाला आहे, पण गेलेला नाही. तो पूर्ण जाईलच असे नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते.