बडोद्याहून १४४१६ ला केलेला फोन

सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनबद्दल मुद्दाम लिहितेय, कारण त्रास होणाऱ्या माणसानेच नव्हे, तर त्याच्या घरच्यांनीही इथे फोन केला तरी चालतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू झाली. वीस भाषांची सोय आहे, त्यात मराठीही.

आमचे हे मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, क्वालिटी इन्स्पेक्टर होते. कंपनीने अख्खी लाइनच बंद केली नि सगळ्यांना घरी बसवलं. पैशांची ओढाताण झालीच, पण ती निदान बोलून दाखवता येते. पहाटे कंपनीच्या बसच्या वेळेला यांना जाग यायची आणि दिवा न लावता हे पलंगाच्या कडेला बसून राहायचे. दांडिया बाजारात जाणं बंद, कारण कोणीतरी ओळखीचं भेटणार आणि ‘सध्या कुठे?’ म्हणून विचारणार. भाच्याच्या मुंजीला मी एकटी गेले. जेवण निम्म्यावर आलं, मुलीवर आवाज चढू लागला. एकदा म्हणाले, “मी नसलो तर तुमचं बरं चालेल.” त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

आधी एका खासगी ॲपवर चौकशी केली होती. एका सेशनची फी ऐकूनच यांनी विषय बंद केला. पगार थांबलेल्या घरात स्वतःवर खर्च करायचीसुद्धा माणसाला लाज वाटते.

१४४१६ ला पहिला फोन मी गच्चीवर जाऊन केला. पलीकडच्या बाईंनी जराही घाई केली नाही. झोप, जेवण, दारूची सवय, सगळं विचारलं आणि मग सरळच, “जीव द्यायचं बोलतात का?” मी यांचं ते वाक्य सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही त्यांना स्पष्ट विचारा. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. झोपेच्या गोळ्या, कीटकनाशक हाताशी ठेवू नका. इतकं मोलाचं मला दुसऱ्या कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं. हे खूप वेळ रडले. दुसऱ्या दिवशी दार लावून स्वतः बोलले, भाषा मराठी निवडून. बाहेरचे सगळे व्यवहार आमचे गुजरातीत, पण हे बोलणं त्यांना घरच्या भाषेत करायचं होतं.

तिथूनच डॉक्टरांना दाखवायचा सल्ला मिळाला. कारेलीबागेतल्या सरकारी मानसिक रुग्णालयाचं नाव काढलं की आपल्याकडे लोक दचकतात. हे मात्र गेले. नैराश्याच्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे आधीच कळलं म्हणून मधेच सोडलं नाही. आता झोप लागते, सकाळी मित्राबरोबर कमाटी बागेत फेरी होते.

फोनवरून नोकरी मिळत नाही, अडकलेली ग्रॅच्युइटीही नाही. ती ३० दिवसांत द्यावी असा कायदा आहे. त्यासाठी आमचा लेबर ऑफिसात वेगळा अर्ज चालू आहे. पण माणसाला कामावरून काढताना कंपनीने हिशेबाच्या कागदाबरोबर १४४१६ हा नंबरही द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. फोन कराल तेव्हा झोपेचे तास आणि चालू औषधांची नावं कागदावर लिहून जवळ ठेवा. आणि आज करू, उद्या करू, असं करू नका.