62 चा शिक्का असलेली ब्रनो पॉइंट टू टू (.22 बोअरची) रायफल: नऊ महिने वापरल्यावर

जुनी रायफल बघायला गेलं की विकणारा आधी गोष्ट सांगतो. मला सांगितली ती अशी, की "ही निजामाच्या काळातली आहे, अशी आता मिळायची नाही", अन आपल्या मराठवाड्यात निजाम म्हणलं की माणूस ऐकत बसतो. मी रायफल दारात उजेडाला नेली, डाव्या अंगाला वरचं वाळलेलं तेल अंगठ्यानं पुसलं, तर खाली चेक चाचणीचा बारका सिंह (ब्रनो चेक देशातली, तिथं रायफल तपासून हा शिक्का अन साल मारतात) अन त्याच्या शेजारी दोन आकडे, 62. म्हणजे 1962 ची. निजामाचं राज्य 17 सप्टेंबर 1948 लाच संपलं. मालक खोटं बोलत नव्हते, त्यांना त्यांच्या सासऱ्यांनी तसंच सांगितलेलं. पण या एका शिक्क्यावर दोन लाख साठ हजाराचे दोन लाख दहा झाले. 1962 मध्ये काही वाईट नाही, त्या काळचं काम मला आजही आवडतं, फक्त पैसे लोखंडाचे द्यायचे, गोष्टीचे नाही.

एवढी किंमत का, तर 1980 च्या दशकात साध्या लायसनवाल्याला बाहेरची बंदूक आणणं बंद झालं, तेव्हापासून देशात आहेत त्याच या हातातून त्या हातात फिरायल्यात. अन माझ्या नशिबात आली ती 2019 च्या कायद्यातल्या बदलामुळं. एका लायसनवर तीनच्या दोनच ठेवायच्या झाल्या, मालकांकडं तीन होत्या, तिसरी गन हाऊसला, म्हणजे बंदुकीच्या दुकानात, जमा करून ठेवलेली, तिथंच पडून होती.

हिच्या आधी एक दुसरी बघितलेली, पावणेदोन लाखाला, दिसायला एकदम नवी कोरी. ती का सोडली ते सांगतो कारण घेणाऱ्यांना हेच कुणी सांगत नाही. पॉइंट टू टूच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, त्यामुळं पिन मधोमध न आदळता कडेवर आदळते. आत काडतूस नसताना चाप ओढला की तीच पिन थेट चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, काठावर बसू शकते, असं वर्षानुवर्षं केलं की काठाला खळगी पडते अन लोखंड आतल्या बाजूला दबतं. मी बोल्ट (मागचा सरकणारा खटका) काढला, सोनाराकडून आणलेलं भिंग लावलं, मोबाईलची बॅटरी मारली, तर काठावर नखाएवढीसुद्धा नाही, तांदळाच्या कणीएवढी खळगी. रिकामं काडतूस घालून बघितलं तर आत जाताना अडकतंय. वरचं पॉलिशही नवीन मारलेलं, नळीवरची अक्षरं घासून गोल झालेली. तिथूनच परत फिरलो.

माझ्या रायफलीचा रंग जागोजागी उडालाय, दस्त्यावर ओरखडे आहेत, पण अक्षरांच्या कडा अजून बोटाला लागतात, चेंबरचा काठ साफ आहे अन नळीतून बघितलं तर कुठंही काळं वर्तुळ नाही. असं वर्तुळ दिसलं तर समजायचं की आत कधीतरी गोळी अडकली अन मागून दुसरी मारली, नळी तिथं फुगलेली आहे. नळीचं तोंडही बघा, सफाईचा गज पुढून घालून साफ करणाऱ्यांनी ते झिजवलेलं असतं.

कागदाला लई वेळ गेला. विकणाऱ्यानं आधी कलेक्टर ऑफिसला नाहीतर जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं अन 45 दिवस थांबायचं, हा नियमच आहे. त्यात मालकांच्या लायसनवर नंबरातल्या 7 चा 1 लिहिलेला निघाला, त्या एका आकड्यापायी तीन चकरा. म्हणून विसार द्यायच्या आधी रायफलवरचा नंबर अन लायसनवरचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून वाचा.

आता वापराचं. महिन्याला एकदा परभणीहून पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर जातो. 50 मीटरवर टेकून पाच गोळ्या दोन रुपयाच्या नाण्यात बसतात, पण कमी वेगाच्या गोळीनं. जास्त वेगाची घातली की पसरतात, कारण ती आवाजाच्या वेगाच्या वर निघते अन वाटेतच त्याच्या खाली येते, तिथं ती डगमगते. काडतुसांचा कोटा लायसनवर लिहिलेला असतो, त्यामुळं दरवेळी चाळीसच्या वर मारत नाही. अन गावात सगळे विचारतात की डुकरं हाणता येतील का. नाही. रानडुकराला ही गोळी नुसती जखमी करते, ते कुठंतरी झुडपात तडफडून मरणार, अन परवानगीशिवाय मारणं वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे.

वाईट झालं ते विधानसभेच्या वेळी. ऑक्टोबर 2024 मध्ये आचारसंहिता लागली अन रायफल ठाण्यात जमा करावी लागली. मी ती स्पंजच्या खोळीत घालून दिली, ही माझी चूक. डिसेंबरात परत मिळाली तेव्हा नळीवर खोळ टेकली होती तेवढ्या पट्ट्यावर तांबूस गंज चढलेला. बघून पोटात कालवलं, बासष्ट वर्षं जपलेली वस्तू माझ्याकडं येऊन चार महिन्यांत गंजली. आतून तेल लावलेलं म्हणून नळी वाचली. वरचा गंज तेलात भिजवलेल्या बारीक स्टील वूलनं दोन दिवस हळूहळू काढला, डाग राहिलाच. आता जमा करायची वेळ आली तर ग्रीस लावून तेलकट सुती कापडात गुंडाळून देणार अन पोचपावतीवर नंबरासोबत हालतपण लिहून घेणार.

एकच कमी राहिली. पाच गोळ्यांचं मूळ मॅगझिन आहे पण त्याचा एक ओठ (गोळी धरून ठेवणारी वरची कड) वाकलाय, तिसरी गोळी दर दोन-तीन भरणीला नाक वर करून अडते. घेताना मी मॅगझिन भरून बघितलंच नाही, बघितलं असतं तर अजून दहा-पंधरा हजार सहज कमी झाले असते. दुसरं मूळ मॅगझिन जानेवारीपासून शोधायलोय, दोन गन हाऊसला सांगून ठेवलंय, तोवर चारच भरतो अन तिसरी हातानं दाबून बसवतो.