गॅदरिंगची शेवटची रात्र: बँड की डीजे?

कमिटीत दोन तट पडलेत? आधी मिक्सर बघा, म्हणजे सगळे माइक आणि वाद्यं जिथे जोडतात ते साउंडचं यंत्र. ५ जणांच्या बँडला त्यावर १६ चॅनेल (एकेक माइक किंवा वाद्य जोडायच्या जागा) सहज लागतात. एकट्या ड्रमसेटलाच ५-६ माइक. डीजेचं २ चॅनेलवर भागतं.

साउंडचेकला बँडसाठी दीड तास धरा, डीजेला १५ मिनिटं पुरतात. बँडचा हा वेळ कापला की गायकाला मॉनिटरमध्ये (स्टेजवर त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) स्वतःचा आवाज येत नाही, तो वाढवायला सांगतो आणि माइक शिट्टी मारू लागतो. डीजेचा लॅपटॉप अडकला तर मात्र सगळंच ठप्प. गाणी भरलेला पेनड्राइव्ह वेगळा ठेवाच.

खर्चात बहुतेकदा बँडच जड.

त्याच स्टेजवर आधी नाटकं-नाच असतील तर डीजे घ्या. स्टेज दुपारपासून मोकळं असेल आणि मुलं ऐकायला येणार असतील, तर बँड.