घरी जाऊन शिकवणाऱ्या पर्सनल ट्रेनरने गूगलवर दिसण्यासाठी आधी कशावर भर द्यावा : प्रोफाइल, वेबसाइट, जाहिरात की डिरेक्टरी?

पुण्यात कोथरूडला राहून आसपासच्या सोसायट्यांमध्ये घरी जाऊन व्यायाम करून घेणारा पर्सनल ट्रेनर डोळ्यांसमोर ठेवून ही तुलना केली आहे. अशा ट्रेनरजवळ विकायला असतात ते सकाळचे आणि संध्याकाळचे मोजके तास. त्यातला एक क्लायंट खराडीला मिळाला, तर जाण्यायेण्यात दुसऱ्या क्लायंटची वेळ बुडते. म्हणूनच हजारो लोकांना दिसण्यापेक्षा कर्वेनगर, वारजे, बावधन, पौड रस्ता या टापूतल्या थोड्या, पण खरोखर ट्रेनर शोधत असलेल्या माणसांना दिसणे त्याच्या जास्त उपयोगाचे आहे. पुढचे सगळे पर्याय मी याच कसोटीवर पाहिले आहेत.

पहिला पर्याय गूगल बिझनेस प्रोफाइलचा, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीचा आहे. नोव्हेंबर २०२१ पर्यंत त्याला गूगल माय बिझनेस म्हणत असत. त्यासाठी पैसे पडत नाहीत, आणि ‘पर्सनल ट्रेनर निअर मी’ असे शोधल्यावर नकाशासोबत जी मोजकी नावे वर येतात, त्यांत स्थान मिळण्याचा मार्ग हाच आहे. स्थानिक निकालांचा क्रम तीन गोष्टींवर ठरतो, असे गूगल स्वतः सांगते : शोधाशी जुळणी, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. यांपैकी अंतर आपल्या हातात नसते. जुळणी साधण्यासाठी मुख्य वर्ग म्हणून ‘जिम’ न निवडता ‘पर्सनल ट्रेनर’ निवडावा आणि सेवांच्या यादीत वजन कमी करणे, बाळंतपणानंतरचा व्यायाम, ज्येष्ठांसाठी ताकदीचा व्यायाम अशी प्रत्यक्ष दिली जाणारी कामे स्पष्ट लिहावीत.

पत्त्याच्या बाबतीत मात्र अनेकांचा गोंधळ होतो. क्लायंट आपल्या पत्त्यावर येत नसतील, तर गूगलच्या नियमानुसार पत्ता लपवून केवळ सेवाक्षेत्र दाखवावे लागते. त्यात जास्तीत जास्त २० ठिकाणे नोंदवता येतात. परंतु यादीत बाणेर आणि औंध लिहिले म्हणून तिथे शोधणाऱ्याला आपण वर दिसू, असे समजू नये. पत्ता लपवलेला असला तरी पडताळणी झालेल्या जागेच्या आसपासच प्रोफाइलचा जोर राहतो. घरी जाऊन शिकवणाऱ्याला यात नुकसान नाही, कारण जवळचेच काम त्याला हवे आहे. याउलट एखाद्याला केवळ ऑनलाइन शिकवायचे असेल, तर हा मार्ग त्याच्यासाठी बंदच आहे, कारण ग्राहकाशी प्रत्यक्ष भेट होत असल्याशिवाय प्रोफाइलसाठी पात्रता मिळत नाही.

पडताळणीसाठी बऱ्याचदा न कापलेला, सलग व्हिडिओ मागितला जातो. दुकानाची पाटी नसलेल्या ट्रेनरने त्यात आपला परिसर, रस्त्याच्या नावाचा फलक, केटलबेल आणि रेझिस्टन्स बँडसारखी साधने, तसेच व्यवसाय आपलाच असल्याचे दाखवणारे काहीतरी घ्यावे. नावाच्या जागी व्यवसायाचे जे नाव प्रत्यक्ष वापरात आहे तेच लिहावे. त्यापुढे ‘बेस्ट पर्सनल ट्रेनर कोथरूड पुणे’ अशी शेपटी जोडणे नियमबाह्य आहे आणि त्यामुळे प्रोफाइल स्थगित होऊ शकते. शेजारचा स्पर्धक अशी शेपटी लावून वर दिसत असला, तरी त्याचे अनुकरण करू नये, असे मला मनापासून वाटते. प्रोफाइल गेले की त्यावरचे रिव्ह्यूही दिसेनासे होतात, आणि ते जमवायला सर्वांत जास्त वेळ लागलेला असतो.

रिव्ह्यूंबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण प्रसिद्धीच्या निकषात ट्रेनरला प्रामाणिकपणे वाढवता येईल असा हा सर्वांत मोठा भाग आहे. फी कमी करण्याचे किंवा एखादे सत्र फुकट देण्याचे आमिष दाखवून रिव्ह्यू घेणे गूगलच्या धोरणाविरुद्ध आहे, आणि केवळ खूश असलेल्यांनाच निवडून विचारणेही धोरणात बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनेही ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणले. क्लायंटला फरक जाणवू लागला, जिने चढताना दम लागेनासा झाला, की त्या आठवड्यात प्रोफाइलची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवून दोन ओळी लिहिण्याची विनंती करावी. ‘छान ट्रेनर’ एवढ्यापेक्षा ‘आईच्या गुडघ्यांसाठी वारज्यात घरी येऊन व्यायाम घेतात’ हे वाक्य पुढच्या वाचणाऱ्याला कितीतरी अधिक सांगते. अर्थात वाक्य आपण सुचवू नये, आणि प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर देताना क्लायंटच्या आजाराचा उल्लेख टाळावा.

स्वतःच्या वेबसाइटचे बलस्थान वेगळे आहे. प्रोफाइलमध्ये न मावणारा मजकूर, म्हणजे प्रशिक्षणाची पात्रता, फीची रचना, पहिल्या भेटीत काय तपासले जाते, महिला ट्रेनर उपलब्ध आहे का, याची उत्तरे तिथे नीट देता येतात. प्रोफाइलसोबत गूगल जी साधी वेबसाइट फुकट देत असे, ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. त्यामुळे डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि होस्टिंग (ती ठेवण्याची जागा) यांचा वार्षिक खर्च आता गृहीत धरावा लागतो. वेबसाइटचा परिणाम हळूहळू दिसतो. तो लवकर दिसावा म्हणून एकच मजकूर केवळ परिसराचे नाव बदलून दहा पानांवर टाकण्याचा सल्ला पुष्कळदा मिळतो, पण अशा पानांना गूगल स्पॅम मानते. त्याऐवजी मधुमेह असलेल्या व्यक्तीने व्यायाम सुरू करताना घ्यायची काळजी, यासारख्या विषयावर अनुभवातून लिहिलेले एक मराठी पान ठेवावे. असे लेखन ट्रेनरच्या जाणकारीची खात्री पटवते.

गूगल जाहिरातीत वाट पाहावी लागत नाही. आज पैसे भरले तर जाहिरात लवकरच दिसू लागते, आणि पैसे थांबवले की तीही थांबते. प्रत्येक क्लिकचे पैसे पडतात, वर १८ टक्के जीएसटी असतो. लहान अंदाजपत्रक वाया जाण्याची दोन कारणे नेहमी आढळतात. एक म्हणजे ठिकाणाच्या पर्यायात त्या भागात ‘रस’ असलेल्यांचाही समावेश असतो, त्यामुळे नागपुरात बसून पुण्याविषयी शोधणारा माणूसही क्लिक करतो. तिथे प्रत्यक्ष त्या भागात असणाऱ्यांपुरताच पर्याय ठेवावा आणि घराभोवती काही किलोमीटरचीच त्रिज्या घ्यावी. दुसरे म्हणजे ‘कोर्स’, ‘सर्टिफिकेट’, ‘नोकरी’, ‘पगार’ हे शब्द वगळलेले नसतात, आणि मग ट्रेनर होऊ इच्छिणाऱ्यांचे क्लिक ट्रेनर शोधणाऱ्यांच्या हिशेबात पडतात.

जस्टडायल, सुलेखा यांसारख्या डिरेक्टऱ्यांवर मोफत नोंद अवश्य करावी, कारण परिसराच्या नावाने शोधल्यावर त्यांची पाने गूगलवर अनेकदा वर येतात. नाव आणि फोन नंबर सर्वत्र अगदी सारखे ठेवावेत. सशुल्क योजनेबाबत माझे मत सावध आहे : तिथे एकच चौकशी अनेकांकडे जाऊ शकते आणि मग बोलणे फीवर येऊन थांबते. फी कमी ठेवून संख्या वाढवणाऱ्या जिमला ते परवडेल, एकट्या ट्रेनरला क्वचितच. इन्स्टाग्राम हे ओळखीतून आलेल्या माणसाची खात्री पटवण्याचे उत्तम साधन आहे, पण ‘कोथरूडमध्ये ट्रेनर हवा’ असा शोध अजूनही प्रामुख्याने गूगलवरच होतो.

नुकतीच सुरुवात केलेल्याने पहिले काही महिने प्रोफाइल आणि रिव्ह्यूंवरच वेळ द्यावा, एक रुपयाही इतरत्र घालू नये. सकाळच्या वेळा भरलेल्या आणि दुपारच्या रिकाम्या असतील, तर जाहिरात घ्यावी, पण ती दुपारच्या वेळांचा स्पष्ट उल्लेख करणारी आणि ठरावीक महिन्यांपुरती असावी. बाळंतपणानंतरचा किंवा ज्येष्ठांचा व्यायाम असे विशेष काम करणाऱ्याने जाहिरातीपेक्षा वेबसाइट आधी करावी, कारण असा क्लायंट पुष्कळ वाचून, विचार करूनच फोन करतो.

आपण कितव्या क्रमांकावर दिसतो हे स्वतःच्या घरातून तपासू नये, कारण जवळून शोधणाऱ्याला आपण साहजिकच वर दिसतो. बावधनच्या क्लायंटला तिथून शोधून पाहायला सांगावे. प्रोफाइलच्या कामगिरीच्या विभागात लोकांनी कोणते शब्द शोधून आपल्याला पाहिले, तेही दर महिन्याला दिसते. त्या यादीत ‘होम’, ‘फीमेल’, ‘सीनियर सिटिझन’ यांपैकी जो शब्द वारंवार येत असेल, ते काम आपण खरोखर करत असाल, तर सेवांच्या यादीत ते आधी घालावे आणि वेबसाइटचे पहिले पानही त्याच विषयावर लिहावे.