झीरो-टर्न घेताय? आधी खाली वाकून हायड्रो बघा

मोअरच्या, म्हणजे गवत कापायच्या मशीनच्या दुकानात गिऱ्हाइकाला आधी दाखवतात ते इंजिन. किती हॉर्सपॉवर, कावासाकी की कोहलर, मग सीट किती मऊ, मग कॉफीचा कप ठेवायची जागा. मागच्या दोन चाकांना प्रत्यक्ष फिरवणारी हायड्रो कुठली, हे कार्डावर असलंच तर सगळ्यात खालच्या ओळीत. खरं तर झीरो-टर्नमध्ये, म्हणजे बसून चालवायच्या, जागेवर वळणाऱ्या मोअरमध्ये, आपण पैसे मोजतो ते त्या दोन हायड्रोंचे, म्हणजे ट्रान्सॲक्सलचे (एकेका मागच्या चाकाचं तेलाच्या दाबावर चालणारं युनिट). दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने, अगदी उलटसुलट दिशेनेसुद्धा फिरतात, म्हणून ते मशीन जागच्या जागी गर्रकन वळतं. इंजिन बिघडलं तर हात घालणारे पुष्कळ भेटतात. हायड्रो गेली की निम्मे लोक मोअरच विकायला काढतात.

आमचं घर नॉर्थ कॅरोलायनात, रालेच्या बाहेर. जागा दोन एकरांच्या आसपास, लाल चिकणमाती, फेस्क्यू गवत, आणि मागे ओढ्याकडे गेलेला उतार. एप्रिल-मेमध्ये पाऊस पडला की आठवड्यातून दोनदा कापावं लागतं, आणि जुलैत ऊन असं की दुपारी बाहेर पडवत नाही. पलीकडच्या घरातल्या काकांचं मशीन (कंपनीचं नाव घेत नाही) सकाळी मस्त चालायचं. अर्धा तास झाला की डावं चाक मागे पडायला लागायचं, आणि चढावर तर चालवायचे दोन्ही दांडे पूर्ण पुढे ढकलले तरी हलायचं नाही. गार झालं की पुन्हा शहाणं! डीलर म्हणाला, आम्ही हे खोलत नाही, नवीन युनिट बसवतो, आणि एक गेलं म्हणजे दुसरंही बदला.

गरम झाल्यावरच का दगा देतं, हे समजून घेतलं की खरेदी सोपी होते. आत एक पंप असतो. बेल्ट त्याला सतत एकाच दिशेने फिरवतो. आपण दांडा पुढे केला की आतली तिरकी प्लेट कलते, पिस्टन जास्त तेल ढकलतात, आणि त्या दाबाने चाकाकडची मोटर फिरते. गिअर बदलणं नाही, क्लच नाही. सगळा खेळ तेलाच्या दाबाचा. पंपाचा ब्लॉक ज्या पृष्ठभागावर घासत फिरतो तो झिजला, की दाबातलं तेल फटीतून आतल्या आत निसटतं. गार तेल जाड असतं, त्यामुळे झीज लपून जाते. तापून पातळ झालं की उघडी पडते. म्हणजे चांगलं तेल, स्वच्छ तेल आणि कमी उष्णता ही तीन पथ्यं पाळली तर ही यंत्रं फार त्रास देत नाहीत. आता ज्या युनिटला तेल काढायला धड सोयच नाही आणि फिल्टर बदलायचा प्रश्नच नाही, तिथे पथ्य पाळायचं कसं?

मी वाढलो कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरच्या वर्कशॉपांच्या गल्ल्यांत. तिथे पंप खोलत नाही असं म्हणणाऱ्याला चहासुद्धा कोणी पाजणार नाही. त्यामुळे ‘मेंटेनन्स-फ्री’ ही पाटी वाचली की माझा पहिला प्रश्न असतो, फ्री कोणासाठी?

इथल्या घरगुती झीरो-टर्नमध्ये बहुतेक ट्रान्सॲक्सल हायड्रो-गिअरचे, इलिनॉयमधल्या सलिव्हन गावच्या कंपनीचे. मोअरचा रंग केशरी असो, लाल असो की पिवळा, खाली वाकून बघितलं तर हेच नाव निघण्याची शक्यता जास्त. सगळ्यात हलकं मॉडेल ईझेडटी, म्हणजे झेडटी-२२००. अर्धा-पाऊण एकर सपाट जागा असेल तर ते पुरतं, उगाच नावं ठेवायचं कारण नाही. पण त्याचं तेल बदलायचं तर युनिट मशीनखालून काढावं लागतं. त्याच्या वरचं झेडटी-२८००, मग ३१००, मग ३४००. २८०० पासून पुढे फिल्टर बाहेरून बदलता येतो, तेल जागेवरच काढता-भरता येतं. कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल वेबसाइटवरून कोणालाही उतरवून घेता येतं, त्यात प्रत्येक वॉशरचं चित्र आहे. सीलं आणि आतल्या भागांची किटं सुटी मिळतात. त्याच्याही वर, काही व्यावसायिक मशीनांत, पंप वेगळा आणि चाकाची मोटर वेगळी असते. जे बिघडलं तेवढंच बदला. पण दोन एकरांसाठी तो खर्च मला झेपला नसता, आणि गरजही नव्हती.

मी घेतलं ते ५२ इंची डेक (खालचा, पाती असलेला कापायचा भाग), कावासाकीचं २३ हॉर्सपॉवरचं एफआर६९१व्ही इंजिन आणि झेडटी-२८००. मोठ्या स्टोअरमध्ये तेवढ्याच डेकचं, जवळपास तशाच इंजिनाचं मशीन हजार-बाराशे डॉलरने स्वस्त होतं. फरक खालच्या युनिटांचा आणि डेकच्या पत्र्याचा. आमच्या भागातल्या एका छोट्या, घरच्याच लोकांनी चालवलेल्या डीलरकडे गेलो आणि मोअरकडे न जाता आधी पार्ट्सच्या काउंटरवर गेलो. २८०० चे फिल्टर आहेत का, एवढंच विचारलं. बाईंनी मागे वळून शेल्फवरून दोन काढले, समोर ठेवले आणि विचारलं, “तेल पण देऊ?” सौदा माझ्या मनात तिथेच ठरला.

पहिलं तेल ७५ तासांनी बदलायचं, पुढे दर ४०० तासांनी, असं कंपनी सांगते. आमच्यासारख्याचे वर्षाला फार तर चाळीस तास होतात, म्हणजे ४०० म्हणजे दहा वर्षं. मी तेवढी वाट बघणार नाही, निम्म्यातच बदलणार. तेल साधं २०डब्ल्यू-५० मोटर ऑइल. पाच क्वार्टचा (साधारण पावणेपाच लिटरचा) एक डबा दोन्ही बाजूंना पुरतो.

काम सोपं आहे, पण घाई चालत नाही. फिल्टरवरचं पत्र्याचं झाकण तीन बोल्टांवर असतं. ते काढण्याआधी आजूबाजूचं वाळलेलं गवत आणि माती ब्रशने पूर्ण साफ करा, कारण एक खडा आत गेला तर वर सांगितलेल्या त्या पृष्ठभागाची वाट लागते. तेल भरताना दोन्ही युनिटांचे वरचे प्लग आधी काढायचे, नाहीतर हवेला बाहेर पडायला जागा राहत नाही आणि तेलाची टाकी भरल्यासारखी खोटीच दिसते. प्लगच्या भोकात तेल दिसलं की प्लग लावायचा, मग टाकी ‘फुल कोल्ड’ रेषेपर्यंत. शेवटी मागची चाकं जॅकवर उचलून, बायपास (दाब सोडून चाक मोकळं करणारा व्हॉल्व्ह) उघडा ठेवून दांडे पाच-सहा वेळा सावकाश पुढे-मागे करायचे, मग बायपास बंद करून पुन्हा तेच. सुरुवातीला आतून कुरकुर ऐकू येते, चाक अडखळत फिरतं. हवा निघत गेली की आवाज बसतो आणि चाक एकसारखं फिरायला लागतं. टाकीतली पातळी उतरते, तेव्हा परत बघा.

तक्रारीही आहेत. मशीन जड आहे. ओल्या मातीत वळलं की गवत सोलून काढतं. कप ठेवायची जागा अशी आहे की पहिल्याच खड्ड्यात कॉफी मांडीवर. ओढ्याकडचा शेवटचा तीव्र उतार मी हातातल्या ट्रिमरनेच करतो. १५ अंशांच्या पुढे झीरो-टर्न नेणं हा जिवाशी खेळ आहे, तिथे कुठलीही हायड्रो कामाला येत नाही. ट्रान्सॲक्सलवरच्या पंख्याच्या प्लास्टिकच्या पात्याही नाजूक. काटकी अडकून एक तुटली की तेल जास्त तापतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. दर महिन्याला वाकून बघावं लागतं.

जुनं घेणाऱ्यांसाठी एवढंच. तासांच्या मीटरवर जाऊ नका. आधी पाऊण तास गवत कापून मशीन तापवा, मग चढावर न्या, थांबवा आणि तिथूनच पुन्हा वर न्या. दोन्ही दांडे सारखे पुढे केल्यावर ते सरळ जातं का बघा. विकणारा म्हणाला की सकाळी लवकर या, दोन चकरा मारून बघा, बास, तर तेवढ्यावर पैसे काढू नका.