गॅस्ट्रिक बँडनंतरच्या तपासण्या: मूळ केंद्रातच जावे की जवळच्या क्लिनिकमध्ये?

वजन कमी करण्यासाठी बसवल्या जाणाऱ्या गॅस्ट्रिक बँडच्या बाबतीत शस्त्रक्रिया ही उपचाराची केवळ सुरुवात असते. बायपास किंवा स्लीव्ह या वजन कमी करण्याच्या इतर शस्त्रक्रियांमध्ये जठराची रचना शस्त्रक्रियेच्या टेबलावरच बदलली जाते. बँड मात्र जठराच्या वरच्या भागाभोवती बसवलेले सिलिकॉनचे कडे असते आणि ते किती आवळायचे, हे पुढच्या भेटींमध्ये हळूहळू ठरत जाते. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या वर्षी सहापेक्षा जास्त वेळा तपासणीला आलेल्या बँडच्या रुग्णांचे वजन कमी वेळा आलेल्यांपेक्षा अधिक उतरल्याचे आढळले, तर बायपासच्या रुग्णांमध्ये असा फरक दिसला नाही. त्यामुळे या भेटींसाठी कुठे जायचे, याचा विचार शक्यतो शस्त्रक्रियेआधीच करून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बँड पहिल्यांदा भरण्याची, म्हणजे त्यात सलाईन सोडून तो आवळण्याची वेळ साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी येते. रुग्णाला उताणे झोपवून डोके थोडे उचलायला सांगतात, म्हणजे पोटाचे स्नायू ताठ होतात आणि कातडीखालचे पोर्ट, म्हणजे बँडला नळीने जोडलेली छोटी डबी, बोटांना नीट लागते. मग पोर्टच्या पडद्याला इजा होऊ नये अशा खास टोकाच्या सुईने निर्जंतुक सलाईन मोजून आत सोडतात किंवा बाहेर काढतात. एका वेळचा बदल अनेकदा एक मिलिलिटरच्या आतबाहेर असतो, पण तेवढ्यानेही गिळण्यात फरक पडतो. शेवटी उठवून बसवतात आणि घोट घोट पाणी प्यायला देतात. ते विनासायास खाली उतरले की घरी सोडतात आणि त्यानंतर एक-दोन दिवस पातळ आहार घ्यायला सांगतात. सारे काही मिनिटांत आटोपते. नेमक्या या थोडक्या वेळामुळेच लांबचा प्रवास नकोसा वाटू लागतो.

मूळ केंद्राची, म्हणजे जिथे शस्त्रक्रिया झाली त्या ठिकाणाची, जमेची बाजू भक्कम आहे. बँड कोणत्या बनावटीचा आहे, त्याची क्षमता किती, पोर्ट कुठे शिवले आहे, शस्त्रक्रियेच्या वेळी काही अडचण आली होती का, हे सारे तिथे नोंदलेले असते. बहुतेक वेळा आहारतज्ज्ञ आणि एक्स-रेची सोयही तिथेच मिळते. उणीव अंतराची, आणि ती दिसते त्याहून मोठी आहे. भेटी टळतात, हे तर झालेच. पण ‘एवढ्या लांबून आलोच आहोत तर थोडे जास्त भरून द्या’ असा आग्रहही रुग्णाकडून होतो. एकदम जास्त आवळलेला बँड घेऊन दूरच्या घरी परतणे हा धोक्याचा सौदा आहे, कारण रात्री पाणीही उतरेनासे झाले तर तो सैल करणारा माणूस जवळ नसतो.

जवळच्या क्लिनिकमध्ये हीच बाजू उलटते. थोडे थोडे भरून वाट पाहता येते आणि जास्त झाले तर त्याच दिवशी कमी करून घेता येते. मात्र तिथे जाताना नोंदी हातात असल्याच पाहिजेत. काही जुन्या बँडची क्षमता सुमारे 4 मिलिलिटर होती, तर नंतरच्या काहींची 10 मिलिलिटर किंवा त्याहून अधिक आहे. म्हणजे ‘आत 3 मिलिलिटर आहे’ या वाक्याचा अर्थ एका रुग्णात ‘जवळपास भरला आहे’ असा होतो, तर दुसऱ्यात ‘अजून बरीच जागा आहे’ असा. शिवाय बँड हाताळण्याचा अनुभव प्रत्येक सर्जनला असतोच असे नाही, त्यामुळे तो आधी थेट विचारून घ्यावा.

एक्स-रेची सोय नाही एवढ्या कारणावरून जवळचे क्लिनिक नाकारण्याची गरज नाही. पोर्ट बोटांना लागत असेल आणि तक्रार नसेल, तर नेहमीचे भरणे साध्या खोलीत व्यवस्थित होते आणि किरणोत्सर्गही टळतो. पोर्ट उलटले असेल, आत भरलेले सलाईन दर वेळी मोजल्यावर कमी निघत असेल, किंवा बँड सरकल्याची शंका असेल, तेव्हा मात्र एक्स-रेच्या पडद्यावर पाहावे लागते.

दोन्हीकडे खरी कसोटी लागते ती विचारपूस करण्याची. वजन थांबले की बँड आवळायचा, हा हिशेब चुकीचा आहे. दोन जेवणांच्या मध्ये कडकडून भूक लागत असेल आणि एका वेळी जास्त जेवण जात असेल, तर भरण्याचा विचार योग्य ठरतो. पण अन्न अडकते, वर येते, छातीत जळजळते, आडवे झाल्यावर खोकला येतो, अशा तक्रारी असतील तर बँड आधीच जास्त घट्ट झालेला असण्याची शक्यता आहे. असा रुग्ण पोळी-भाजी सोडून सहज घसरणाऱ्या मऊ, गोड पदार्थांकडे वळतो आणि वजन वाढू लागते; तेव्हा उपाय असतो बँड सैल करण्याचा. हे न विचारता थेट सुई हातात घेणाऱ्या ठिकाणी, ते कितीही जवळ असो, मी कोणाला पाठवणार नाही.

मूळ केंद्र सहज जाण्यायेण्याच्या अंतरावर असेल, तर दुसरीकडे पाहण्याचे कारणच नाही. ते लांब असेल, तर पहिल्या एक-दोन भेटी तिथे घ्याव्यात, नंतरचे नेहमीचे भरणे दोन्ही डॉक्टरांच्या संमतीने जवळच्या क्लिनिककडे सोपवावे आणि वर्षातून एकदा मूळ केंद्रात संपूर्ण तपासणी करावी. पोटात सतत तीव्र दुखत असेल किंवा लाळही गिळता येत नसेल, तर या वाटणीत न अडकता सर्जन असलेल्या जवळच्या रुग्णालयात तातडीने जावे. सरकलेल्या बँडमुळे जठराचा रक्तपुरवठा धोक्यात येऊ शकतो. गर्भधारणा झाली किंवा एखादी मोठी शस्त्रक्रिया ठरली, तर बँड सैल करायचा का, हे दोन्हीकडे वेळेत विचारून घ्यावे आणि प्रत्येक भेटीनंतर तारीख, आत किती सलाईन होते आणि आता किती आहे, हे त्याच दिवशी कागदावर लिहून मागावे.